पुतळीच्या मेंदूचा नकाशा

मित्रांनो, मी एक पाटी आहे, पण माझ्यावर आजवर कुणी अ आ इ ई गिरवलेले नाही. खडू मला चालत नाही आणि ओला बोळा तर मुळीच नाही. माझे अंग काळे, जेवणाच्या ताटापेक्षा थोडे मोठे. कातडीखाली तारांची बारीक जाळी आहे. एक वायर संगणकाला जोडतात आणि खास लेखणीने माझ्यावर रेघ ओढतात. रेघ माझ्यावर उमटत नाही, समोरच्या पडद्यावर उमटते. मला कळतो तो फक्त हात. तो किती दाबतो, कुठे थांबतो, कुठे घाबरतो, हे माझ्याइतके कुणालाच कळत नाही. सगळे मला टॅब्लेट म्हणतात. चिंचणीचे काशीनाथकाका मात्र मला 'पाट' म्हणतात. ही गोष्ट माझी आहे, आणि त्यांचीही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. खोक्यातून बाहेर आले ते थेट डहाणूला, २०१४ च्या ऑगस्टमध्ये. पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि जो तो त्याबद्दलच बोलत होता. नरपडच्या अलीकडे, बोर्डीच्या रस्त्यावर चिकू भरायची एक शेड आहे. तिच्या माडीवर पाच टेबले मांडली होती. खाली चिकूच्या पेट्यांना खिळे ठोकण्याचा आवाज चाले आणि वर आम्ही पाच पाट्या गप्प बसलेल्या असू.

शेड सावे कुटुंबाची होती. त्यांची मुलगी जागृती बोर्डीच्या शाळेत शिकली, मग मुंबईला जाऊन मेंदूच्या शास्त्रात डॉक्टर झाली. तिच्या संस्थेने एक मोठे काम हाती घेतले होते. तुमच्या दप्तरात नकाशांचे पुस्तक असते ना? त्यात जिल्हे रंगवलेले असतात. तसाच माकडाच्या मेंदूचा नकाशा करायचा होता, संगणकावर, साऱ्या जगाला फुकट पाहता येईल असा. माकडाचा मेंदू आपल्या मेंदूचा जवळचा नातेवाईक. हात थरथरण्याचा आजार, आठवण पुसली जाण्याचा आजार, यांचा अभ्यास करणाऱ्यांना आधी कुठे काय आहे ते ठाऊक असावे लागते.

तो मेंदू होता पुतळीचा. पुतळी ही लाल तोंडाची म्हातारी माकडीण. एका प्राणिसंग्रहालयात ती पुष्कळ वर्षे जगली आणि वय झाल्यावर शांतपणे गेली. तिला सांभाळणाऱ्यांनीच तिचे नाव पुतळी ठेवले होते. संस्थेने तिच्या मेंदूचे केसाहूनही पातळ काप केले, त्यांतले सहाशे काप काचेच्या पट्ट्यांवर चढवून जांभळे रंगवले आणि यंत्राने त्यांची चित्रे उतरवली. आता प्रत्येक चित्रावर एकेका भागाची हद्द आखायची होती. एका कापात असे शे-दीडशे भाग. काही बटाट्यासारखे गोल, काही ओल्या कागदाच्या कडेसारखे बारीक.

"हे काम मुंबईतच का नाही करत?" असे संस्थेतल्या लोकांनी जागृतीला विचारले होते. कुणीतरी हसून म्हणाले होते, "चिकू निवडणारी माणसं मेंदू आखणार?"

"चिकू निवडणाऱ्यांची नजर तुम्ही पाहिली नाहीत," असे तिने उत्तर दिले. हे ती आमच्या माडीवर सांगत असे आणि सगळे हसत. पण तिच्या मनातून ते वाक्य गेले नव्हते, हे मला तिच्या बोटांवरून कळे.

माणसे निवडण्यासाठी तिने एक परीक्षा ठेवली. चिकूच्या पानाचा मोठा फोटो पडद्यावर होता आणि त्याच्या सगळ्या शिरा आखायच्या होत्या. एकोणीस जण आले. कुणी पंधरा मिनिटांत उठले, कुणी अर्ध्या तासात. शेवटी आले काशीनाथकाका. वय छप्पन्न, कपाळावर चष्मा, उजव्या हाताच्या दोन बोटांना सुपारीएवढे घट्टे. त्यांनी चिंचणीत चाळीस वर्षे डाय कोरल्या होत्या. चांदीच्या दागिन्यांसाठी पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरतात, तिला डाय म्हणतात. तिच्यावर पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी पत्र्यावर उठते. आता ते काम यंत्रे करू लागली होती आणि काकांची छिन्नी महिनोन्‌महिने रिकामी पडून राहत होती.

त्यांनी लेखणी छिन्नीसारखी धरली आणि माझ्यावर असा काही जोर दिला की मी कळवळले.

"काका, हे पोलाद नाय, प्लॅस्टिक आहे!" दीपेश ओरडला. दीपेश म्हणजे आमच्या माडीवरचा संगणकांचा जाणकार, डहाणू गावातला तरुण.

"मग सांगायचं ना आधी," काका म्हणाले.

ते एक पान आखायला त्यांना सबंध दुपार लागली. खाली चिकूचा टेम्पो भरून निघूनही गेला. जागृतीने त्यांची आखणी मूळ फोटोवर ठेवून पाहिली. कुठेही केसाएवढा फरक नव्हता. काकांना काम मिळाले, आणि मला काका मिळाले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी लेखणीची सात टोके मोडली. मग हळूहळू हात हलका झाला. ते रोज चिंचणीहून एसटीने डहाणूला येत, तिथून रिक्षाने नरपडला. आल्यावर आधी हात धूत, रुमालाने मला पुसत आणि मगच लेखणी उचलत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर रुपल बसे. ती डहाणू स्टेशनजवळची, घरी गुजराती बोलणारी, जिभेने तिखट. रुपल तीन दिवसांत एक काप पुरा करी. काकांना पाच दिवस लागत.

"काका, तुमचा मेंदू संपेपर्यंत माकडांची माणसं होतील," ती म्हणे.

काका हसत, पण घाई करत नसत. शेवटी जागृतीनेच ठरवले की नवे काप इतरांनी आखावेत आणि पुरे झालेले तपासायचे काम काकांनी करावे. तीन वर्षे हे चालले. सहाशे काप आखून झाले. संगणकाच्या एका प्रोग्रॅमने ते एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि पडद्यावर पुतळीचा मेंदू अख्खा उभा राहिला. गोल फिरवता येणारा, रंगीबेरंगी. त्या दिवशी जागृतीच्या आईने सगळ्यांना चिकूचा हलवा पाठवला.

आता फक्त एक गोष्ट उरली होती. २०१८ च्या फेब्रुवारीच्या वीस तारखेला मुंबईत संस्थेची समिती बसणार होती. समितीने मान्यता दिली की नकाशा जगासाठी खुला होणार. नाही दिली, तर डहाणूचे काम बंद करून सगळे मुंबईच्या एखाद्या कंपनीला देणार. समितीच्या अध्यक्षांना ही माडी पहिल्यापासूनच पसंत नव्हती.

समितीला पंधरा दिवस उरले असताना काका शेवटची तपासणी करत होते, पहिल्यांदाच सगळे काप ओळीने पाहत. तीनशे चाळीसावा काप झाला. तीनशे एकेचाळीसावा उघडला आणि त्यांचा हात माझ्यावर थांबला. असा थांबला की मला वाटले, लेखणीच बिघडली.

"शुं थयुं, काका?" काय झाले म्हणून रुपलने विचारले.

"ही नस बघ," काका म्हणाले. पडद्यावर सुईच्या टोकाएवढे एक भोक होते. रक्ताची बारीक नस कापली गेली की तिथे असे भोक दिसते. "तीनशे दहापासून मी हिच्या मागं आहे. दर कापात जरा सरकते, पण राहते या अंगाला. आता एकदम त्या अंगाला गेली."

दीपेश खुर्ची ओढून आला. "दुसरी नस असेल काका. डावा-उजवा भाग सारखाच दिसतो. आणि प्रोग्रॅमने सगळं पास केलंय. आता शेवटच्या घडीला खोदकाम नको."

काकांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना वाटले, आपण सगळ्यांत हळू, शिकलेलोही नाही, आणि चुकलो तर माडीच बंद व्हायची. त्या दिवशी त्यांनी पुढे एकही रेघ ओढली नाही. त्यांची बोटे नुसती माझ्या कडेवरून फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी, अंबूबाई, माडीवर आल्या. त्या चिंचणीहून सुके बोंबील घेऊन डहाणूच्या बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, तो थेट माझ्यावरच. सगळी माडी बोंबलाच्या वासाने भरली.

"डबा ओट्यावरच राहिला तुमचा. कालपास्नं लक्ष कुठाय?"

काकांनी त्यांना हळू आवाजात सारे सांगितले. अंबूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "नक्षी उलटी उठवणारी डाय सोनाराकडं गेली असती, तर तुम्हाला भाकर गोड लागली असती काय?"

"उलटी..." काका पुटपुटले आणि ताडकन उठून उभे राहिले. "उलटी! अगं, चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं!"

मित्रांनो, डाय नेहमी उलटीच कोरावी लागते. डावीकडचा मोर उजवीकडे, नावाची अक्षरे आरशातल्यासारखी. तरच पत्र्यावर सगळे सरळ उठते. एखादी वस्तू सरळ आहे की आरशातली, हे काकांच्या डोळ्यांना हिशेब न करता कळत असे. त्यांना खटकली होती ती नुसती नस नव्हती. तो अख्खा कापच त्यांना आरशातला वाटत होता.

त्यांनी जेवण बाजूला ठेवले. तीनशे दहा ते तीनशे पंच्याण्णव, प्रत्येक काप उघडून त्यांनी नसेच्या भोकावर एक लाल टिंब दिले. मग दुसरी खूण घेतली, मेंदूच्या घडीतला एक छोटा खळगा, आणि तिथे निळे टिंब दिले. लाल टिंबांचे शहाऐंशी आणि निळ्या टिंबांचे शहाऐंशी हलके टोले मी माझ्या अंगावर झेलले. दोन दिवस लागले. दीपेशने ती टिंबे एकामागोमाग रचून दाखवली, तेव्हा सगळी माडी पडद्याभोवती गोळा झाली. लाल टिंबांची माळ एका अंगाने सरळ येत होती. तीनशे एकेचाळीसला ती उडी मारून पलीकडे जात होती आणि तीनशे चौसष्टनंतर परत अलीकडे. निळी माळही नेमकी तिथेच उड्या मारत होती.

"चोवीस काप," दीपेश म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "एका दिवसात यंत्रावर चोवीसच काप चढवतात. काका, माझी चूक झाली. मी तुम्हाला उगाच गप्प बसवलं."

जागृतीने मुंबईला फोन केला. तिथल्या लोकांनी कपाटातून त्या चोवीस काचा काढून चित्रांशी ताडून पाहिल्या. काचेवर नस एका बाजूला होती आणि चित्रात दुसऱ्या. त्या दिवशी यंत्राची एक सेटिंग चुकून बदलली गेली होती आणि चोवीस चित्रे आरशातल्यासारखी उतरली होती. तिथला डावा भाग उजवा झाला होता. प्रोग्रॅमला दोन्ही अंगे सारखीच दिसली, म्हणून त्याने कडा ओढूनताणून जुळवून टाकल्या होत्या.

चूक डहाणूची नव्हती. पण जागृती म्हणाली, "कुणाची ते नंतर बघू. नकाशा आपला आहे."

नुसती चित्रे उलटवून भागणार नव्हते. चोवीस काप आणि त्यांच्या दोन्ही अंगांचे दहा-दहा काप पुन्हा आखायचे होते. चव्वेचाळीस काप आणि हाताशी दहा दिवस. सगळे रात्री उशिरापर्यंत बसत आणि खालच्या शेडमधून चहा वर येत राहिला. रुपल कधी नव्हे ती गप्प बसून आखत होती. मी तर गरम व्हायची थांबलेच नाही. जुन्या आखणीच्या आधाराने काकाही त्या दिवसांत रोज एक काप पुरा करत होते, आणि रेघ मात्र पूर्वीइतकीच शांत होती. दहाव्या दिवशी शेवटच्या कापावर शेवटची हद्द पुरी झाली. दीपेशने टिंबे पुन्हा रचली. दोन्ही माळा पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ गेल्या. रुपलने टाळी वाजवली आणि मग डोळे पुसले.

वीस तारखेला काका मुंबईला निघाले, तेव्हा त्यांनी मला कापडी पिशवीत घातले. "दुसऱ्या पाटावर माझा हात बसायचा नाय," असे ते म्हणाले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझा किती अभिमान वाटला!

समितीपुढे जागृतीने नकाशा दाखवण्याआधी चूक सांगितली. अध्यक्षांनी भुवया चढवल्या.

"हे तुम्ही सांगितलं नसतं, तर आम्हाला कळलं नसतं."

"हो सर. म्हणूनच आधी सांगितलं."

"आणि हे संगणकाला नाही, यांना कळलं?" त्यांनी काकांकडे पाहिले. "मग मी यांची परीक्षा घेतो."

त्यांनी स्वतःच्या हाताने दहा काप निवडले, काही उलटवले, क्रमांक पुसले आणि पडद्यावर लावले. मला टेबलावर ठेवून वायर जोडण्यात आली. काकांनी हात रुमालाला पुसले. त्यांचा हात माझ्यावर टेकला. मग त्यांनी एकेक काप पाहायला सुरुवात केली.

"हा सरळ. हा सरळ. हा आरशातला." त्यांनी लेखणीने गोल केला. "हा सरळ. हा पण आरशातला." नऊ काप झाले. दहाव्यावर काका अडले. मान तिरकी केली, चष्मा वर-खाली केला. सभागृहात कुणीतरी खोकले. जागृतीने डोळे मिटून घेतले.

"हा मला सांगता यायचा नाय, साहेब," काका शेवटी म्हणाले.

"का?"

"हा पुतळीचा नाय. घड्या वेगळ्या पडल्यात. हे दुसरंच कुणी माकड आहे."

मग अध्यक्ष खुर्चीतून उठले. त्यांनी खरोखरच दुसऱ्या माकडाचा एक काप मध्येच सरकवला होता. ते चालत काकांपर्यंत आले आणि त्यांचा घट्टे पडलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"चुकलो मी," ते म्हणाले. "ही माडी बंद होणार नाही. वाढणार."

नकाशा २०१९ मध्ये जगासाठी खुला झाला. तो करणाऱ्यांच्या यादीत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत, रुपलचे, दीपेशचे आणि काकांचे नाव होते. जागृतीने त्यासाठी पुष्कळ भांडण केले होते. अंबूबाईंना वाचता येत नसे. काकांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवले, तर त्यांनी ती अक्षरे पदराने हळूच पुसली, त्यांच्यावर धूळ बसल्यासारखी. काही महिन्यांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेचे पत्र आले. 'आमचाही एक नकाशा आहे. तुमच्या काशीनाथ सरांकडून तपासून मिळेल काय?' काकांनी तो तपासला. त्यात सात काप उलटे निघाले.

माझे मात्र त्या वर्षी हाल झाले. नव्या पाट्या आल्या, ज्यांच्या अंगावरच चित्र दिसते. मला कपाटाच्या खालच्या फळीवर टाकले. कुणी माझ्यावर फायली रचल्या, कुणी चहाचे कप ठेवले. समुद्राच्या दमट हवेने वायरीचे टोक हिरवे पडले. काका परदेशी नकाशात बुडालेले होते आणि त्यांनाही माझी आठवण राहिली नाही. मी रुसले होते, खोटे कशाला सांगू? सहाशे काप ज्या पाठीवर उभे राहिले, तिच्यावर चहाचे गोल डाग पडले होते.

मग तलासरीला याच कामाची दुसरी खोली सुरू करायचे ठरले. बारा नवी माणसे शिकणार होती आणि पाट्या कमी पडत होत्या. काकांनी कपाट उघडले, फायली बाजूला केल्या आणि मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"तुला असं ठेवलं आम्ही," ते म्हणाले. त्यांनी वायरीचे टोक घासून स्वच्छ केले, डाग ओल्या कापडाने नव्हे तर कोरड्या मऊ फडक्याने तासभर पुसले आणि मला संगणकाला जोडले. मी पहिल्याच स्पर्शाला जागी झाले.

तलासरीत मी लाडकीच्या वाट्याला आले. लाडकी तिशीची, अंगणवाडीत मदतनीस होती. नव्या लोकांना दाखवायला काकांनी स्वतः आखलेला एक काप पडद्यावर लावला. "ही रेघ बघा, अशी यायला पाहिजे," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लाडकीने मान डोलावली नाही. ती पडद्याजवळ गेली, परत आली, लेखणी उचलली. तिचा हात माझ्यावर टेकला, नवखा आणि हलका.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "पण इथं तुमची रेघ हद्दीच्या आत गेलीय. जांभळा रंग तर बाहेरपर्यंत आहे."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ पाहिले. मग त्यांच्या तोंडभर असे हसू पसरले की मी ते मुंबईच्या सभागृहातही पाहिले नव्हते.

"चुकली माझी!" ते मोठ्याने म्हणाले. "तीन वर्षं कुणाला दिसली नाय! लाडके, पुसून टाक ती आणि तू ओढ."

तिने ती पुसली आणि नवी ओढली.

मित्रांनो, तुमच्या हातात जे काही अवजार येईल, ते वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. त्याच्यावर कप ठेवू नका. आणि एखादी रेघ चुकलेली दिसली, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो, तर लाडकीसारखे सांगा. आता मला रजा द्या. सकाळचे दहा वाजले आहेत, लाडकी हात धुऊन येते आहे, आणि आज आम्हाला नव्या नकाशाचा पंधरावा काप सुरू करायचा आहे.